इथे काही नव्हतं

नोतो, १७ ऑक्टोबर २०२४

सारो,

अक्षर ओळखून पाकीट फाडून टाकलं नसशील, तर आधी एवढंच वाच: इलारिया खुशाल आहे. ती रोमला गेली नव्हती. ती इथे, सिसिलीला आली होती, आणि हे तुला कळवायची परवानगी तिनेच मला दिली आहे. म्हणाली, "पप्पा ओरडतील, पण तोवर मी श्टुटगार्टला घरी पोचलेली असेन."

मुलगी तुझीच शोभते.

दहा वर्षं आपण बोललो नाही, त्यामुळे मी आता काय करते ते तुला ठाऊक नसणार. शाळेतली नोकरी सोडली. नऊ वर्षं झाली, प्रवाशांना घेऊन फिरते. एका दिवसाची सहल असते. सकाळी वेंदीकारीच्या पाणथळीवर पक्षी, पडका मासळी कारखाना, समुद्रकाठचा बुरूज, दुपारी जेवण, मग नोतोतली देवळं आणि वाडे. साडेपाचला कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर सोडायचं. लोकांना वाटतं मी दिवसभर बोलते. मी खरं तर दिवसभर डोकी मोजते. कोणी निवडुंगाची फळं तोडायला मागे राहतं आणि बोटांत काटे भरून घेतं.

मंगळवारी जर्मन लोकांचा गट असतो. या मंगळवारी आठ जण होते. यादीत शेवटचं नाव होतं 'इ. हार्टविग'. तुझ्या बायकोचं, आन्केचं, माहेरचं आडनाव हार्टविग आहे हे मी विसरले नव्हते, पण जर्मनीत हार्टविग काय एकच असतात? उंच मुलगी, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. बोलत कमी होती, बघत जास्त. मला वाटलं, प्रेमभंगाची केस दिसतेय. अशा एकट्या मुली ऑक्टोबरात येतात.

पक्षी बघायच्या लाकडी खोपीत आम्ही अर्धा तास बसलो. फ्लेमिंगो दोनशेच्या वर असतील. ऊन आलं की ते गुलाबी दिसतात, ढग आला की धुतलेल्या चादरींसारखे. काठाला शेकाट्यांची जोडी होती, लाल काड्यांवर चालावं तशी. हॅम्बुर्गचे एक निवृत्त मास्तर दुर्बीण कोणाला देईनात, ती मी त्यांच्याकडून गोड बोलून काढली आणि या मुलीच्या हातात दिली. तिने डोळ्यांना लावली आणि फ्लेमिंगोंकडे बघायचं सोडून उलट्या दिशेला, वाळूच्या टेकड्यांकडे फिरवली.

"तिकडे काही नाहीये," मी म्हटलं.

"असं का," ती म्हणाली.

पुढे त्या टेकड्यांवरून जाताना तिने विचारलं, "इथे पूर्वी काय होतं?"

"काही नव्हतं. वाळू," मी म्हटलं. सगळ्यांना मी हेच सांगते.

दुपारी ओळखीच्या एका शेतावर जेवलो. मग नोतो. कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर तिने टोपी काढली आणि आपल्या बोलीत, अगदी तुझ्या हेलात म्हणाली, "आत्या, मी सारोची इलारिया."

मी तिला घरी आणलं, जेवू घातलं. दोन रात्री राहिली. बदामाची बिस्किटं बरोबर दिली आहेत, त्यातली तुला उरली असली तर ती माझ्याकडून समज.

मी पोलिसांसमोर तुझी बाजू घेतली नाही म्हणून तू संबंध तोडलास. त्यावर मला काही लिहायचं नाही. मुलगी गोड आहे, एवढं सांगायला हे पत्र.

वेनेरा


नोतो, २३ ऑक्टोबर

सारो,

काल इलारियाचा फोन आला. "आत्या, लिहिलंस?"

"लिहिलं."

"सगळं?"

मी म्हटलं, "गॅसवर दूध आहे," आणि फोन ठेवला. दूध नव्हतं.

तर आता सगळं लिहिते. मागच्या पत्रात मी शेतावरचं जेवण एका ओळीत उरकलं. ते शेत मोम्मोचं होतं.

होय, तोच मोम्मो. आपला शेजारी. पप्पांच्या वाळूवरच्या घराविरुद्ध ज्याने तक्रार केली असं तू समजतोस, आणि पप्पांना पुरलं त्या दिवशी स्मशानाच्या फाटकात ज्याचा पुढचा दात तू पाडलास. माझे प्रवासी नऊ वर्षं त्याच्याच मांडवात जेवतात. तो सत्याहत्तरचा आहे. ऐकू कमी येतं, पण सोयीप्रमाणे.

त्या दिवशी त्याने भाजलेला ताजा बांगडा केला होता, टोमॅटो, ऑलिव्ह, आणि चुलीतला पाव. वाढता वाढता तो इलारियापाशी थांबला. चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि आपल्या बोलीत म्हणाला, "कोणाची गं तू?"

इथली म्हातारी माणसं परक्याला असं विचारत नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ती म्हणाली, "सारोची. कोळी नेलेची नात. आणि तुम्ही?"

"मी मोम्मो."

तिने काटा ताटात ठेवला. माझ्या हातात पाण्याचा जग होता. बाकीचे सात जण पाव तेलात बुडवत होते, त्यांना भाषा कळत नव्हती.

"माझ्या आजोबांचं घर तुम्ही पाडवलंत," ती म्हणाली. "तुमच्या शेताला रस्ता हवा होता म्हणून. ते चार महिन्यांत गेले. लहानपणापासून मी हे ऐकतेय. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"आधी जेव. बांगडा गार झाला की तेल सोडतो."

"मला उत्तर हवंय."

"तुझ्या बापानेही मागितलं होतं," मोम्मो म्हणाला. "त्याला जे दिलं तेच तुला. काही नाही." आणि तो पुढच्या माणसाला वाढायला वळला. सारो, त्याने माझ्याकडे एकदासुद्धा पाहिलं नाही. बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आणि मी काय केलं? मी घड्याळ दाखवून सगळ्यांना उठवलं. म्हटलं, चला, नोतोत ऊन कलण्याआधी पोचायचंय, दगडाचा रंग तेव्हाच बघण्यासारखा असतो.

दगडाचा रंग खरोखरच बघण्यासारखा होता. वाड्यांच्या सज्ज्यांखालचे सिंह, पंखांचे घोडे, गाल फुगवलेली तोंडं, सगळी मधासारखी उजळली होती. मी भूकंपाचं सांगत होते. जुनं गाव सोळाशे त्र्याण्णवमध्ये कसं भुईसपाट झालं आणि लोकांनी इकडे येऊन नवं कसं बांधलं. हे मी झोपेतही सांगू शकते. मध्येच शब्द सुचेना. मास्तर म्हणाले, "बाई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "घसा बसलाय."

गट पांगला. इलारिया पायऱ्यांवर बसून होती. तिने टोपी काढली आणि मला आत्या म्हणाली, ते तुला लिहिलं. त्यानंतर काय म्हणाली ते लिहिलं नाही.

ती म्हणाली, "आत्या, त्या माणसाकडे तू लोकांना जेवायला कशी नेतेस?"

मी तिथेच, तिच्या शेजारी बसून सांगितलं. तेच आता तुला सांगते.

तक्रार मी केली होती. सही माझी आहे.

वाचणं थांबवलं असशील तर काही म्हणणं नाही. पुढे वाचणार असलास तर हे वाच.

तू श्टुटगार्टहून रविवारी फोन करायचास. म्हणायचास, "पप्पांना वाळूवरच्या घरीच राहू दे, तिथे ते सुखात आहेत." होते. पण त्यांचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. तुला आठवड्यातून दहा मिनिटं ते ऐकू यायचं, आणि तेवढ्यात ते फुटबॉलबद्दल बोलायचे. मी शाळा सुटली की गाडी काढून तिकडे. एकदा चूल पेटती ठेवून दार लोटून गेलेले. एकदा अनवाणी पाकीनो गावाच्या रस्त्यावर. आणि त्या वर्षी जानेवारीत भर दुपारी पाणथळीत कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. फ्लेमिंगो सगळे पलीकडच्या काठाला सरकलेले. मला बघून म्हणाले, "वेनेरा, यांना हाकल गं, माझ्या जाळ्यात अडकतील." जाळं विकून वीस वर्षं झाली होती. मी त्यांना उचलून आणलं. पाय चिखलात रुतत होते, ते मला मारत होते, कारण मी कोण हे त्यांना तेवढ्यात आठवेनासं झालं होतं.

तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, "ताई, तू सगळंच वाढवून सांगतेस."

त्यांना मी नोतोत माझ्याकडे आणलं की रात्र उलटायच्या आत ते निघायचे. "माझं घर आहे," म्हणायचे. मला वाटलं, ते घरच नसेल तर ते जाणार कुठे? कचेरीच्या बेकायदा घरांच्या यादीत घर होतंच. परवानगी नव्हती, वाळूवर बांधलेलं, सगळ्यांना माहीत होतं. पण कोणी नाव घालून तक्रार केल्याशिवाय ती यादी आणखी वीस वर्षं पडून राहिली असती. मी नाव घातलं. पक्ष्यांसाठी नाही, कासवांसाठी नाही, कायद्यासाठीही नाही. मी थकले होते, सारो.

मोम्मो त्या दिवशी विहिरीच्या कागदासाठी तिथेच रांगेत होता. त्याने पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "माझा चष्मा घरी राहिलाय. मला काही दिसलं नाही."

यंत्र आलं, दोन तासांत काम संपलं. आणि मग मला कळलं की मी काय केलंय. पप्पा थांबले नाहीत. ते आता रोजच जायला लागले, सात मैल चालत. मी मागून गाडी घेऊन जायचे. ते वाळूत उभे असायचे. "घर कुठंय?" मी सांगायचे, "पाडलं, पप्पा." ते खाली बसायचे आणि रडायचे. दुसऱ्या दिवशी विसरलेले असायचे, आणि पुन्हा जायचे, आणि मी पुन्हा सांगायचे. त्यांच्यासाठी ते घर रोज पहिल्यांदाच पडायचं. चार महिने.

एकदा विचारलं, "वेनेरा, कोणी केलं असेल गं हे?" मी म्हटलं, "कचेरीतल्या लोकांनी." ते म्हणाले, "त्यांना बाप नसेल."

यापुढे मला लिहिता येत नाही. उद्या टाकते.


२४ ऑक्टोबर, सकाळी

वाचून पाहिलं. फाडावंसं वाटलं. फाडत नाही.

इलारियाचं काय झालं ते राहिलं. ती ओरडली नाही. गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली. मग म्हणाली, "मी पप्पांना सांगणार नाही. ते तुझं काम आहे. पण आत्ता मला परत शेतावर ने."

आम्ही गेलो. मोम्मो मांडवात खुर्च्या उलट्या करून ठेवत होता. ती त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "माझं ताट अर्धं राहिलंय."

मोम्मोने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो आत गेला, ताट घेऊन आला. झाकून ठेवलं होतं त्याने. म्हणाला, "तेल सुटलंय, मी सांगितलं होतं." तिने उभ्यानेच खाल्लं, सगळं, काटे चोखून. खाताना तिचे डोळे वाहत होते. मोम्मो मांजराला हाकलत राहिला, म्हणजे तिकडे बघावं लागू नये.

मी त्याला निघताना विचारलं, दहा वर्षांत पहिल्यांदा, "का गप्प राहिलात?"

म्हणाला, "सारोला शेजारी कुठेही मिळेल. बहीण कुठून आणणार होता?"

आणि मी त्याच्या त्या गप्प राहण्याचा काय उपयोग केला? दहा वर्षं ते पांघरून बसले. तुला त्याच्यावर रागावू दिलं. पोलिसांना मी सांगितलं की पहिला हात सारोने उचलला, आणि माझ्या मनात आलं, चला, निदान एक तरी खरं बोलले.

आता पाकीट बंद करते.

वेनेरा


नोतो, २१ नोव्हेंबर

सारो,

तुझं उत्तर नाही. मागतही नाही. पण मोम्मोला तू फोन केलास ते कळलं, म्हणून लिहिते.

तो मंगळवारी मांडवात माझ्यापाशी येऊन उभा राहिला, हात पुसत. म्हणाला, "तुझ्या भावाचा फोन आला होता."

"काय म्हणाला?"

"मला नीट ऐकू आलं नाही. रडत होता बहुतेक. जर्मनीत थंडी फार असते."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, दात तसाही हलत होता."

मी हसले आणि मग मला मांडवाच्या मागे जावं लागलं. सारो, त्याचा दात हलत नव्हता. त्या दिवसानंतर त्याने सहा महिने सफरचंद खाल्लं नव्हतं, त्याच्या बायकोने मला सांगितलं होतं.

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला?"

"नाही," म्हणाला. खोटं बोलायला त्याला जमलं असतं, पण बोलला नाही. बरं वाटलं मला.

इथलं सांगायचं तर पाऊस भरपूर झाला, पाणथळ काठोकाठ आहे. फ्लेमिंगो पाचशेच्या घरात. कारखान्याच्या खांबांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात, वेटर लोकांनी हातावर टॉवेल टाकावा तसे. गेल्या आठवड्यात सिराकूझाच्या एका शाळेची मुलं आणली होती. टेकडीपाशी एका चिमुरडीने विचारलं, "इथे काय होतं?" तिला विटेचा तुकडा सापडला होता.

मी म्हटलं, "इथे माझ्या वडिलांचं घर होतं. मी तक्रार करून ते पाडवलं."

बाई, म्हणजे त्यांच्या शिक्षिका, एकदम दुर्बिणीचा पट्टा नीट करायला लागल्या. मुलगी मात्र माझ्याकडे बघतच राहिली. "मग तुमचे वडील रागावले?"

"नाही. त्यांना कधी कळलंच नाही."

"मग तुम्हीच रागावलात का, स्वतःवर?"

शिक्षिका म्हणाल्या, "अगं, पुरे." मी म्हटलं, "असू दे, विचारू दे तिला." आणि मी तिला हो म्हटलं. तिने विटेचा तुकडा माझ्या हातात दिला आणि पळाली. मी तो पुन्हा वाळूत टाकला. ठेवून काय करणार होते?

आता मी सगळ्याच गटांना सांगते. थोडक्यात. काहींना सहलीत असलं काही नको असतं, ते बुरुजाचे फोटो काढायला पुढे जातात. काही माझ्याजवळ येऊन आपापल्या वडिलांबद्दल सांगतात. हॅम्बुर्ग, लिल, व्हेरोना, सगळीकडे तेच, सारो. कोणीतरी एक जवळ असतं आणि कोणीतरी एक फोनवर.

हे तुला टोचायला लिहिलं नाही. थोडं टोचायलाही लिहिलं. खरंच लिहायचं ठरवलंय तर हेही लिहायला हवं.

वेनेरा


बुधवार, ४ डिसेंबर, स्वयंपाकघरातून

सारो,

तू झोपलायस. उठवत नाही. मला साडेसातला निघायचंय म्हणून हा कागद मेजावर ठेवते. आपण दोघं एका घरात आहोत आणि मी पत्र लिहितेय, हसू नकोस. मला बोलण्यापेक्षा हे बरं जमायला लागलंय.

काल वाड्याखाली, सज्ज्यांबद्दल सांगता सांगता मी सवयीने डोकी मोजली. आठ जण घेऊन निघाले होते, नऊ भरले. पुन्हा मोजली. शेवटच्या रांगेत, राखी कोट घातलेला, केस गेलेला एक माणूस, हातात बॅग. मला वाटलं, पप्पाच उभे आहेत. मग तू मान तिरकी केलीस.

माझं बोलणं थांबलं. सगळे मागे वळून तुझ्याकडे बघायला लागले. आणि तू म्हणालास, "पुढे सांग की. मी ऐकतोय."

मी सांगितलं पुढे. काय सांगितलं देव जाणे. बहुधा सिंहांना घोडे म्हणाले.

रात्री जेवताना तू एवढंच बोललास की, मी तुला तेव्हाच, सही करण्याआधी, सांगायला हवं होतं. मी विचारलं, "सांगितलं असतं तर आला असतास?" तू पाव कुस्करलास आणि म्हणालास, "नाही." मला वाटतं आपल्या दोघांत इतकं खरं कोणी कधी बोललं नव्हतं. मग तू विचारलंस, "पाण्यातून त्यांना एकटीने उचललंस?" मी म्हटलं, "हो." तू उठलास आणि भांडी घासायला लागलास. कढई अजून तेलकट आहे, पण मी ती तशीच पालथी घातली.

तुझा राग गेलेला नाही हे मला दिसतंय. जायची घाई नाही. तो घेऊनच राहा दोन दिवस, चार दिवस. वरची खोली रिकामीच असते.

कॉफीचं भांडं भरून शेगडीवर ठेवलं आहे, फक्त गॅस लाव. डब्यात ब्रिओशचे गोड पाव आहेत. नऊच्या सुमाराला मोम्मो येईल. तू आलायस हे सगळ्या गल्लीला कळलंय, तेव्हा त्यालाही कळलंच. तो आधी अर्धा तास टोमॅटोच्या किडीबद्दल बोलेल. बोलू दे. मग गप्प बसेल. तेव्हा तूही गप्प बसलास तरी त्याला चालतं, मला माहीत आहे.

आज गट सहाच जणांचा आहे, फ्रेंच. गाडीत जागा आहे. आम्ही दहा वाजता पाणथळीच्या फाटकापाशी असू, मोम्मो तुला सोडेल. यायचं असेल तर माझे रबरी बूट दाराशी आहेत, तुला घट्ट होतील, पण वाळूपर्यंत चिखल फार आहे. टेकडीपाशी मी जे सांगते ते तुला ऐकवणार नसेल, तर कारखान्यापाशी थांब, मी तिकडेच येते. आणि आज नको वाटलं तर नको. उद्या जाऊ, दोघंच, गट न घेता.

काय ठरवलंस ते लिहून ठेव. कागदाची मागची बाजू कोरी आहे.

ताई